शिट्टीबाई आणि पोटात गेलेला बोकड

पनवेलच्या खांदा कॉलनीत आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्याला समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक म्हात्रेबाईंचं, आणि लग्न होऊन आले तेव्हा मी त्या दाराला जाम घाबरायचे, कारण आतून कधीपण शिट्टी वाजायची. कुकरची नाय, खरी शिट्टी, मैदानावरची. कोणी जिन्यात थुंकला की शिट्टी. कोणी बाईक आडवी लावली की शिट्टी. माझ्या हातून पहिल्याच आठवड्यात दुधाचं पातेलं सांडलं तेव्हा समोरून शिट्टी वाजली आणि मी उरलेलं पण सांडलं.

बाई शाळेत पीटीच्या टीचर, आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलची रेफरी. केस बारीक कापलेले, पांढरे, साडीखाली स्पोर्टचे बूट. लग्न केलंच नाय. गळ्यात मंगळसूत्र नाय, चेन नाय, काळ्या दोरीत ती शिट्टी. गेटवरच्या बाकड्यावरच्या बाया मागून बोलायच्या, हिनी शिट्टीशीच लगीन लावलंय. एकदा बाईंनी ऐकलं. थांबल्या आणि बोलल्या, "हो. आणि मी फुंकलं तरच तो बोलतो. तुमचे कसे आहेत?"

आणि ब्लाउजमध्ये रेफरीची दोन कार्डं, पिवळं ताकिदीचं, लाल मैदानाबाहेर काढायचं. बाकीच्या बाया पाकीट ठेवतात तिथे ह्यांची कार्डं. पिवळं होतं आंब्याच्या खोक्याचं कापलेलं, आणि लाल होतं कोणाच्यातरी लग्नपत्रिकेचं. पुढून नुसतं लाल, आणि मागच्या बाजूला अजून छापलेलं दिसायचं, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' मी विचारलं, बाई चांगलं कार्ड का नाय घेत? तर बोलल्या, "बाहेर काढल्यावर मागची बाजू बघायला कोण थांबतं? सगळे आई-बहिणीवर जातात."

मी आठवीत शाळा सोडलेली, लवकर लग्न, लगेच वेदू, आणि वेदू झाल्यापासून मला सगळ्याचीच भीती. जास्त रडला तरी भीती, शांत झोपला तर जास्त भीती, मी नाकाखाली बोट धरून बसायचे. एकदा असाच सकाळपासून रडत होता, थांबेचना. सासूबाई बोलतात गुटी घाल, नणंद फोनवरून बोलते नजर लागली मिरच्या ओवाळ, आणि मी त्याला घेऊन दारात उभी, मी पण रडते. समोरचं दार उघडलं आणि शिट्टी.

"काय चाललंय?"

सासूबाई सुरू झाल्या, "अवो बाय, कवापासून सांगतंय हिला, गुटी..."

"तुम्ही थांबा. आई कोण आहे ह्याची?"

मी हात वर केला. म्हंजे अर्धाच, कानापर्यंत.

"हा काय हात आहे? पाणी मागतेस का? कोपर सरळ!" मी कोपर सरळ केलं, दुसऱ्या हातात वेदू बोंबलतोय. "रेफरीचं कोपर वाकलं ना, की बावीस जण अंगावर येतात. भीती वाटली तरी वाटू दे, ती पोटात. कोपरात आणायची नाही. हां, बोल आता."

"डॉक्टरकडे न्यायचंय," मी बोलले.

"मग ने. निर्णय झाला."

सासूबाईंचं चालूच होतं, आमच्या टायमाला कुठे डॉक्टर होते नि काय. बाईंनी ब्लाउजमधून पिवळं काढलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. "बडबडीबद्दल."

कानात ठणका होता पोराच्या. औषध दिलं, झोपला. सासूबाई त्या दिवशी म्हात्रेबाईंच्या सात पिढ्या काढत होत्या, पण संध्याकाळी भाजी निवडताना मला हळूच विचारलं, "गो, त्ये पिवळं दोनदा झालं की काय करतान?"

दोन हजार अठराला वर्ल्डकप आला आणि मी बाईंकडे मॅचा बघायला लागले. आमच्या घरी टीव्ही सासूबाईंच्या सिरियलचा, तो कोणाच्या बापाला मिळत नाय. मला फुटबॉलातलं काय कळत नव्हतं. ऑफसाइड त्यांनी मला असं शिकवलं, "तुझी सासू मंडईतून यायच्या आधीच तू तिच्या खुर्चीत जाऊन बसलीस, की ऑफसाइड." लगेच कळलं.

त्याच वर्ल्डकपला तो व्हिडिओवाला प्रकार पहिल्यांदा आलेला. रेफरी मधेच थांबायचा, कानाला बोट लावायचा, मंग हवेत दोन बोटांनी चौकोन काढायचा आणि मैदानाच्या कडेला एक टीव्ही ठेवलेला असायचा तिकडे पळत जायचा.

"बाई, हा काय करतो? चौक काढतो का?"

"शेण खातो." बाई उशीवर बुक्की मारायच्या. "एवढे डोळे दिलेत देवाने, आणि हा टीव्ही बघतोय! त्यापेक्षा तुझ्या सासूला नेऊन उभं करा, ती पण पळत जाऊन टीव्हीच बघते. रेफरी म्हणजे काय? मी बघितलं, मी दिलं, संपलं."

"पण चूक झाली असली तर?"

"झाली तर झाली. माणूस आहे, सीसीटीव्ही नाही."

"पण मंग ज्याचा गोल गेला त्याचं काय?"

मी असंच विचारलं, वेदूला भरवता भरवता. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मंग टीव्हीकडे बघितलं, आणि बोलल्या, "खा म्हणावं त्याला, डाळ सांडतेस." पण त्या मॅचला त्यांनी परत उशीवर बुक्की नाय मारली.

मंग दिवाळी झाली आणि भात कापून झालं. आमचा, म्हंजे ह्यांचा गाव नेऱ्याच्या अलीकडे. तिकडे दरवर्षी मोकळ्या शेतात क्रिकेट होतं, पण त्या वर्षी पोरांच्या डोक्यात वर्ल्डकप गेलेला, म्हणून गावच्या दादांच्या वाढदिवसाला फुटबॉल ठेवला. बांध काढले, चुन्याची लाईन मारली, बांबूचे गोल केले, त्याला कोळंबीचं जाळं लावलं. पहिलं बक्षीस एक चषक आणि एक बोकड. बोकडाच्या गळ्यात झेंडूचा हार घालून त्याला स्टेजला बांधला, तो दिवसभर हार खात बसला.

रेफरी पाहिजे तर पनवेलात म्हात्रेबाईंशिवाय कोण? पण कमिटीतले काही जण कुरकुर करत होते, बाईमाणूस गड्यांच्या मधी कशाला. बाई तडक स्टेजवर गेल्या, माईक घेतला, सगळ्या गावासमोर बोलल्या, "माझी एक चूक दाखवा, एकच. त्या दिवशी ही शिट्टी गळ्यातून काढून देते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाय वाजवल्या. लोकं अशी गोष्ट विसरत नाय, आणि बाईंना त्या शिट्टीशिवाय दुसरं होतं काय?

कमिटीने लग्नाचं शूटिंग करणारा बबन पण बोलावला होता. टेम्पोवर मोठी स्क्रीन, माईकवरून सारखं चालू, "आपल्याकडे पण वर्ल्डकपसारखी रिप्लेची सोय हाय!"

फायनल आली आमच्या गावाची आणि पनवेलच्या मोहल्ल्यातल्या टीमची. त्यांचा कॅप्टन इम्रान, पायाला चाकं लावल्यासारखा. आमच्याकडून आमचे हे. कळंबोलीला लोखंड बाजारात क्रेन चालवतात, मैदानात पण क्रेनसारखेच फिरतात, पण लाथ बसली तर बसली. मी कडेला वेदूला घेऊन, आणि तेवढ्यात वेदूनी माझी साडी सोडली आणि स्वतःचा उभा राहिला. मी मोबाईल काढला, एक डोळा त्याच्यावरच, पडतो का काय. एक पाऊल टाकलं, मंग अजून एक, आणि मी शूटिंग करत ओरडतेय, चाल माझा बाळा चाल, तेवढ्यात सगळं गावच ओरडलं.

मला वाटलं वेदूसाठी. पण नाय. ह्यांची लाथ बसली होती. बॉल वरच्या बांबूला लागून खाली पडला, ढेकळावर आपटला आणि उलटा बाहेर, त्यांच्या गोलकीपरच्या हातात. आमचे बोलतात आत पडला, ते बोलतात बाहेर. बाई धावत आल्या, हात आडवा केला, कोपर सरळ. गोल नाय.

त्यांच्या कीपरनी तेवढ्यात बॉल इम्रानला दिला, आमचे सगळे बाईंशी भांडत उभे, आणि त्यांनी जाऊन आमच्याकडे गोल मारला पण. शिट्टी. मॅच संपली.

मंग जो कल्ला झाला. "रिप्ले! रिप्ले! वर्ल्डकपला दावतान ना, मंग हितं पण दावा!" लोक मैदानात शिरले, कोणी चपला दाखवतोय, आमच्या ह्यांनी तर जर्सीच काढून फेकली. बाईंनी सगळ्यांकडे एक नजर टाकली, तोंड असं केलं जसं कारलं खाल्लं, हवेत चौकोन काढला आणि टेम्पोकडे गेल्या. सगळं गाव मागे. बबननी बटणं दाबली.

स्क्रीनवर आले दादा. सरपंच दादांना शाल घालतायत, स्लो मोशनमध्ये. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतायत, त्या बबननी घातलेल्या. मंग नारळ. मंग एक बदाम फिरत आला आणि त्या बदामात दादांचा चेहरा.

"आरं, बॉल कुटं हाय?" कोणीतरी ओरडला.

"सत्कार चालू होता ना!" बबन रडकुंडीला आला. "दादांना सोडून बॉल घेऊ का? उद्या मला लग्नाला कोण बोलवंल?"

सगळे दादांकडे बघायला लागले, आता दादा भडकणार. दादा चष्मा पुसून बोलले, "जरा परत दाव."

परत दाखवलं. बदाम परत फिरला. बाई बोलल्या, "ह्याच्यात मला ऑफसाइड दिसत नाही," आणि शिट्टी मारून बोकड इम्रानच्या हातात दिला.

आमच्या घरात सुतक. ह्यांनी जेवण सोडलं. सासूबाई बोलल्या, "त्या शिट्टीवालीच्या दारात पाय टाकलास तर बघ." आणि हे भिंतीकडे तोंड करून, "एक फोटो जरी असता ना, एक, तर तिची शिट्टी काढून घेतली असती सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले आणि मी वेदूचं चालणं माझ्या आईला पाठवायला म्हणून व्हिडिओ लावला. वेदू डुलत डुलत येतोय. आणि वेदूच्या डोक्याच्या मागे, लांब, पण ऊन चांगलं होतं, बांबू दिसतोय, चुन्याची पांढरी लाईन दिसतेय, आणि बॉल पडतोय तो लाईनच्या आत. चांगला आत. मंग ढेकळाला लागून बाहेर.

ह्यांना दाखवला तर बाईंची शिट्टी जाणार, तीपण सगळ्या गावासमोर ओढून. नाय दाखवला तर नवरा असाच भिंतीकडे तोंड करून बसणार, आणि त्याचं खरं असून. मी कोणाला विचारणार? सासूबाई अंघोळीला गेल्या तशी मी वेदूला काखेत मारला आणि समोरचं दार वाजवलं.

बाईंनी मोबाईल घेतला, चष्मा लावला. पहिल्यांदा बघितलं आणि हसल्या. "अगं, पाय बघ कसा टाकतो, बदकासारखा!"

"बाई, मागे बघा. त्याच्या मागे."

परत लावलं. मंग तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण आत कोणी नव्हतं. तिसऱ्यांदा लावलं.

"बाई, मी पुसून टाकू का? कोणी नाय बघितलं अजून. आईच्यान."

"पुसून टाकलंस तर पोराचं पहिलं चालणं जाईल."

"जाऊ दे."

"येडी आहेस का? ते परत नाही येत." आणि मोबाईल माझ्या हातात देऊन उठल्या, बूट घालायला लागल्या. "ज्याचा गोल गेला त्याचं काय, विचारलं होतंस ना तू? चल. मोबाईल तुझा आहे, तूच धर."

स्कूटरवर पुढे बाई, मागे मी, मधे वेदू. मला भीती सासूबाईंची, भीती ह्यांची, भीती समोरून येणाऱ्या ट्रकची. सिग्नलला हवालदार मोबाईलवर बोलत होता, बाईंनी त्यालापण शिट्टी मारली. त्यानी दचकून आम्हाला सलाम ठोकला.

इम्रानच्या घरी सगळी टीम जेवायला बसलेली. चषक कपाटावर. बोकडाचा वास जिन्यापर्यंत. बाई आत गेल्या आणि जेवणाच्या चादरीच्या, त्या दस्तरखानाच्या मधोमध उभ्या राहून शिट्टी फुंकली. घास सगळ्यांचे हातात.

"काल निलेशचा गोल होता," बाई आमच्या ह्यांचं नाव घेऊन बोलल्या. "मी चुकले. दाखव गं."

मोबाईल हातोहात फिरला. पहिल्यांदा सगळे वेदूलाच बघत होते. "माशाल्ला, बाई, कसा चालतंय!" मंग एकेकानी हातातला घास खाली ठेवला.

इम्राननी डोकं खाजवलं. "गोल तर हाय. पण बाई, आता बोकडाचं काय करायचं? कलेजी तर काल रातीच संपली."

"तुमचा गोल मी दिलाय, तो काढून घेत नाही, म्हणजे एक-एक. पेनल्टीवर कोण जिंकलं असतं, कोणाला ठाऊक. चषक दोघांचा."

"घेऊन जावा, चषक काय... पण बाई," इम्रान जवळ आला, आवाज बारीक केला, "तुमी माईकवर बोललात ना, शिट्टी काढून देईन. आमी कोणी तोंड नाय उघडणार, कसम. क्लिप ऱ्हाऊ द्या तिच्याकडेच. तुमच्याशिवाय आमाला शिव्या घालायला कोण हाय?"

सगळे बोलायला लागले, हो बाई, सोडा ना बाई. मला पण वाटलं, हो बोला बाई, हो बोला, एवढं सोपं हाय.

"कालपर्यंत दिसलं नव्हतं," बाई बोलल्या. "आता दिसलं. दिसलेलं न दिसल्यासारखं कसं करू?"

आणि त्यांनी ब्लाउजमधून लाल कार्ड काढलं. कपाटाला आरसा होता, त्याच्यासमोर गेल्या, उभ्या राहिल्या, आणि आरशातल्या म्हात्रेबाईंना लाल कार्ड दाखवलं. हात पूर्ण वर, कोपर सरळ. "एक वर्ष बाहेर," असं बोलल्या. मंग दोरी गळ्यातून काढली आणि शिट्टी चषकात टाकली. टण्णकन आवाज झाला.

मंग इम्रानची आई आतून आली, हातात मोठा डबा. "पोटात गेलं त्ये कसं परत देऊ? ऱ्हायलं त्ये तरी घेऊन जावा. आणि तू गो, बस, पोराला रस्सा-भात भरव, तोंड बघ किती सुकलंय तुझं."

संध्याकाळी हे आले तेव्हा ओट्यावर चषक, बाजूला डबा, आणि मी भिंतीला चिकटून उभी. सगळं सांगितलं, एका दमात. ह्यांनी व्हिडिओ बघितला, परत बघितला, आणि मी मनात देव धरून उभी. मंग पाट ओढला. भाकऱ्या मोडल्या, रस्सा ओरपला.

"मीठ बरोबर हाय," बोलले. आणि थोड्या वेळाने, "बाईंना नेऊन दे थोडं. त्यांनी तिथं खाल्लं नसणार."

सासूबाई नळी चोखत होत्या. "बाय वाईटच हाय ती," बोलल्या, "पण नेऊन दे."

चषकातली शिट्टी ह्यांनी कमिटीला नेऊन दिली. सहा-सहा महिन्यांनी चषक इकडून तिकडे जायचा, तो एक वेगळाच तमाशा, जाऊ दे.

बाईंना मी शेवटची बघितली ती पुढच्या वर्षीच्या फायनलला. त्यानंतर मी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेले, आणि परत आले तर समोर कुलूप, बाई रिटायर होऊन भावाकडे चिपळूणला. म्हणून माझ्याकडे ती फायनलच हाय.

परत तेच शेत, त्याच दोन टीम, नवीन बोकड, आणि बाईंचं बंदीचं वर्ष भरायला अजून एक दिवस बाकी. रेफरी बाईंचाच एक जुना विद्यार्थी, पोरगा चांगला पण घाम फुटलेला. बबनला बाईंनी आदल्या दिवशीच दम देऊन गोलच्या बाजूला उभा केला होता, सत्काराला बंदी. आणि बाई स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीत, माझ्या शेजारी, गळा मोकळा. उन्हानी काळी पडलेली मान आणि तिच्यावर जिथे दोरी असायची तिथे गोरी रेघ. कोणी पडला की त्यांचा हात आपोआप छातीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. शेवटी त्या हातांवर बसल्या. खरंच, दोन्ही हात मांडीखाली घालून.

इम्रान बॉल घेऊन सुटला. पुढे कोणी नाय, नुसता आमचा कीपर. सगळे उभे राहिले, मी पण उभी राहिले, आणि खाली बघितलं तर वेदू नाय.

वेदू दोरीखालून आत गेला होता. बोकड बघायला का काय, सरळ गोलच्या समोर, आणि इम्रान खाली बॉलकडे बघत फुल स्पीडनी त्याच्याच अंगावर. मागून आमच्या टीमचे दोन रेडे. मी तोंड उघडलं. आवाजच नाय आला. आई शप्पथ, तोंड उघडं आणि आत काय नाय.

आणि शिट्टी वाजली.

बाईंनी दोन बोटं तोंडात घातली होती, टपोरी पोरं घालतात तशी, आणि काय शिट्टी ती. बावीसच्या बावीस जण जागेवर. रेफरी जागेवर. बोकड पण खाता खाता थांबला. इम्राननी पाय आवरला आणि तिथेच ढेकळात लोळला, आणि बॉल गडगडत गेला वेदूच्या पायापाशी. वेदूनी तो दोन्ही हातांनी उचलला.

"हँडबॉल!" कोणीतरी बोंबललं.

मी धावत जाऊन त्याला उचलला. आता कुठे लोकांना कळलं की गोल गेला. "शिट्टी कोणी मारली? आरं, कोणी मारली?" मोहल्ल्यातली पोरं रेफरीच्या अंगावर, तो बिचारा बोलतोय मी नाय, मी नाय, आणि दोन बोटांनी हवेत चौकोन काढायला लागला.

"चौकोन नको काढूस," बाई बोलल्या. खुर्चीतून उठल्या, दोरी वर करून आत आल्या. "मी वाजवली. बंदी असताना वाजवली."

ब्लाउजमधून लाल काढलं आणि स्वतःलाच दाखवलं. माझ्यासमोरून जाताना वेदूच्या डोक्यावर टपली मारली आणि मला बोलल्या, "आवाज नाही फुटत ना? मग हात तरी वर करायचा, येडे."

आणि निघाल्या. मैदानाच्या मधून, सगळ्यांच्या समोरून, बांधाच्या वाटेनी रस्त्याकडे.

"बाई! आवो बाई, परत या!" इम्रान ढेकळातूनच ओरडत होता, तोंडभर माती. "फाऊल नव्हता बाई! पोरगा होता ना मधी!"

बाईंनी मागे वळून बघितलं नाय. हात वर, कोपर सरळ, कार्ड डोक्याच्या वर धरलेलं. लाल बाजू पुढे, रस्त्याकडे होती, आणि आमच्याकडे मागची, ती छापलेली. लांबून अक्षरं कोणाला वाचता येत नव्हती, पण मला पाठ होती. बांध संपेपर्यंत बाई सगळ्या गावाला काकाच्या लग्नाचं आमंत्रण देत चालल्या होत्या.